सुतकातला डबा

वेंकटलक्ष्मी अक्कांकडे मी गेले तेव्हा त्या मागच्या अंगणात बसून चिंचेनं पितळी डबे घासत होत्या. मी कोण, कुठली, कशाला आले, काही विचारलं नाही. मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आधीं पाय धुवावें, मग बसावें. कापी होत्ये." शाळेत वाचलेल्या एखाद्या बखरीतलं कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं मला वाटलं. बखरीत कॉफी नसते, एवढाच फरक.

कुंभकोणमला मी गेले होते कामासाठी. १९८८ चा डिसेंबर होता. पुण्यात आम्ही चारपाच जणींनी घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सल्ला केंद्र काढलं होतं. दक्षिणेत अशी कामं कशी चालतात ते बघून अहवाल लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. माझ्यापाशी एक्केचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. ती मी स्वतः तयार केलेली, आणि तिचा मला भारी अभिमान. त्या वयात मला कशाकशाचा अभिमान वाटायचा ते आठवलं की आता हसू येतं.

मार्गळीचा, म्हणजे तिकडच्या मार्गशीर्षाचा, महिना नुकताच लागला होता. पहाटे गाडीतून उतरले तर गाव धुक्यात अर्धं बुडालेलं. देवळातल्या कर्ण्यावर कुणी बाई गात होती आणि दारोदारी बायका वाकून रांगोळ्या काढत होत्या. रांगोळीच्या मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. धुक्यात बायका धड दिसत नव्हत्या, नुसती फुलं दिसत होती. मी सायकलरिक्षात बसून जात होते आणि ती फुलं एकेक करून मागे सरत होती. आपण अजून गाडीतल्या बाकावर झोपलेलोच आहोत की काय, असं मला दोनदा वाटलं.

केंद्राच्या सचिव विजयलक्ष्मी या वकील. त्यांच्याही घरी मराठीच. कुणा पूर्वजानं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर येऊन इथं बिऱ्हाड केलं, ते परत जायचं राहून गेलं. केंद्र म्हणजे भांड्यांच्या दुकानावरची एक खोली आणि मागे चार खाटांचं आसराघर. त्यांनी नोंदवही पुढे केली. वर्षभरात सात नावं. आमच्याकडे पंधरवड्यात तेवढ्या बायका येतात, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. विजयलक्ष्मी शांतपणे म्हणाल्या की या सातही जणी स्वतःहून पायऱ्या चढून आलेल्या नाहीत. त्यांना वेंकटलक्ष्मी अक्कांनी आणलं. काम बघायचं तर तिकडे जा, इथं फक्त कागद आहेत.

म्हणून मी अक्कांच्या अंगणात पोचले होते. राहायलाही त्यांच्याकडेच होते.

अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. काटक, नऊवारी नेसलेल्या, चालताना जरा डावीकडे झुकणाऱ्या. यजमान सुंदरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, ते जाऊन दहा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. सांबाराची पूड, लोणचं, डांगर करावं आणि गोतावळ्यात वाटावं हा उद्योग. माझी मराठी ऐकून त्यांची करमणूक होत असे. तुमच्याकडे शब्द अर्धा बोलून अर्धा गिळतात की काय, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, आम्हाला घाई असते. त्यावर त्या म्हणाल्या, मग पोचतां तरी कां लवकर? मी घाईनं प्रश्नावली उघडली.

आपल्या नवऱ्यानं अंगावर कधी बोट उचललं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मग या कामात कशा पडलात, हा माझा नववा प्रश्न. त्यांनी शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर हात ठेवला. त्या गल्लीत दोन घरांत भिंत एकच असते. अकरा वर्षं त्या भिंतीपलीकडून मार ऐकू यायचा. तो सुरू झाला की अक्का आटुकल्लावर, म्हणजे आपल्या रगड्यावर, पीठ वाटायला बसायच्या, आवाज बुडावा म्हणून. गरज नसतानाही वाटायच्या. एका दुपारी ती शेजारीण अक्कांची वाटी परत द्यायला आली. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं वाटी रिकामीच पुढे केली आणि उभी राहिली. अक्का हसून म्हणाल्या, घरातली साखर संपली कीं काय? ती वळली. घरी न जाता कावेरीच्या वाटेनं गेली आणि त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही.

"ती सांगावयास आली होती," अक्का म्हणाल्या. "मी साखरेचें बोललें."

हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मी लिहायची थांबले.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते असं. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यांवर कडीचे एकोणीस डबे टांगलेले. प्रत्येक डबा एका घराचा. ज्या घरातली सून मार खाते असं कानावर येई, तिथे अक्का लग्नामुंजीच्या, पूड-लोणचं पोचवायच्या निमित्तानं जायच्या आणि तिला एकटीला गाठून कानात एवढंच सांगायच्या, की तुझ्याकडे डबा येईल. सोसवतंय तोवर त्यात काहीतरी घालून परत पाठव. सोसवेनासं झालं की रिकामा पाठव, मी येईन. मग दर पंधरा दिवसांनी त्या घरी डबा जाई. कधी पूड, कधी गोडपोळ्या. डबे न्यायची-आणायची भवानी नावाची फुलवाली. ती रोज परडी घेऊन बसनं खेड्यांत जाई. नवरे डब्याकडे ढुंकून बघत नसत. तो बायकांच्या स्वयंपाकघरातला व्यवहार, त्यात काय बघायचं? सासूनं डबा भरला तर कसं कळतं, असं मी विचारलं. सासू मन मोठं दाखवायला अर्धा डबा भरते आणि सून कढीलिंबाची एक काडी टाकते, काडी नसली की डबा रिकामाच धरायचा, असं अक्का म्हणाल्या आणि गालात हसल्या.

मला हे सगळं फार आवडलं आणि थोडा रागही आला. कायदा आहे, पोलीस आहेत, चारशे अठ्ठ्याण्णव अ आहे, आणि इथे आपले डबे आणि कढीलिंब. पण सात बायका आल्या होत्या हे खरं.

दुसऱ्या दिवशीची दुपार. जेवण होऊन आम्ही त्या डब्यांखालीच आडव्या झालो होतो. कौलातल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा यायचा आणि हळूहळू एकेका डब्यावरून सरकायचा. डबा उजळायचा, मग पुन्हा विझायचा. खालच्या गल्लीतून कुणाच्या तरी शिकवणीच्या वीणेवर एकच ओळ परत परत येत होती. माझे डोळे मिटत होते. शेवटचं म्हणून मी विचारलं की मागल्या खेपेला कुठल्या डब्यात काय आलं ते तुम्हाला आठवतं का. अक्कांनी डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली, स्तोत्र म्हणावं तशी. तिरुविसनल्लूर, दोन शेवग्याच्या शेंगा. स्वामीमलै, गुळाचा खडा. तिरुवलंचुळी, लिंबें चार. पट्टीश्वरम्, तुळशीचा डबा, रिकामा. पुढें—

मी उठून बसले. रिकामा म्हणजे काय, म्हटलं.

त्यांचें सुतक आहे, अक्का तशाच पडून म्हणाल्या. तुळशीचे चुलत सासरे वारले. आज नववा दिवस. चौथ्या दिवशी मी पिठलें-भात धाडला. सुतकाच्या घरचें कोणी कांहीं घेत नाहीं, डबा रिकामाच येणार.

आता माझा स्वभाव सांगते. सुतक, सोवळं हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. माझ्या घरी यावरून वडिलांशी माझी वर्षभर बोलचाल बंद होती. त्यामुळे मी जे विचारलं ते शहाणपणानं नव्हे, नुसतं वैतागून विचारलं.

"मग सुतकात तिला तुम्हाला बोलवायचं असलं तर तिनं काय पाठवायचं?"

 वीणेची ओळ दोनदा वाजून गेली. मग अक्का उठून बसल्या, भिंतीला टेकल्या आणि पट्टीश्वरम्‌च्या डब्याकडे बघत राहिल्या. तो घासूनपुसून जागच्या जागी टांगलेला होता. सुतकात फुलं घेत नाहीत, म्हणून नऊ दिवसांत भवानी त्या घरात शिरलेलीच नव्हती. चौथ्या दिवशी तेवढा तिनं डबा ओसरीवर ठेवला आणि संध्याकाळी ओसरीवरूनच उचलला. तुळशीला कुणी पाहिलं नव्हतं. एकोणीस घरं मराठी माणसांची, एकूण एक घर सुतक पाळणारं, आणि सुतकाचं काय करायचं हे इतक्या वर्षांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते यायला सुतक न पाळणारी कुणी उद्धट बाई लागली.

"मज सुचलें नाहीं," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळानं परत तेच म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्ता निघू. विजयलक्ष्मींना घेऊ, पोलीस घेऊ. अक्कांनी मान हलवली. आज त्या घरात दहाबारा पुरुष आहेत, नवरा वरदराज ओसरीवरच बसलेला असतो. त्याच्यासमोर गेलो तर तो म्हणेल, आमच्या घरात मर्तिक झालंय आणि तुम्ही तमाशा करता, आणि सगळं गाव त्याचं ऐकेल. उद्या दहावा. सकाळी आठाला झाडून सारे पुरुष नदीवर जातील ते बारापर्यंत येत नाहीत. मी खूप चिडले. आणखी एक दिवस तिला तिथे ठेवायचं तर तुमच्यात आणि सासूत काय फरक, इथवर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी मला वाढलं, स्वतः काही खाल्लं नाही, आणि मीही लाजेनं दोन घास कमीच खाल्ले.

सकाळची बस जवळजवळ रिकामी होती. बाहेर भातशेतं धुक्याखाली झोपलेली. मधूनच एखादं नारळाचं झाड वर यायचं, त्याला बुंधा नसायचा. देवळाचं गोपुर दिसलं तेही असंच, हवेत टेकलेलं. अक्का माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. तुळशी बाविसाव्या वर्षी त्या घरात आली, चार वर्षं झाली, मूल झालं नाही म्हणून सुरू झालं, एवढं त्यांनी सांगितलं. बाकी रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं.

आम्ही पुढच्या दारानं गेलोच नाही. परसात विहिरीपाशी एक मुलगी भांड्यांच्या ढिगासमोर बसून एका हातानं पातेलं घासत होती. दुसरा हात मांडीवर ठेवलेला, चिंधीनं गुंडाळलेला. दोन बोटं सुजून काळीनिळी झालेली. आमची चाहूल लागली तशी तिनं वर पाहिलं आणि परत घासायला लागली.

अक्का तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तुळशी खाली बघूनच बोलली.

"आतां कशास आलांत, अक्का? डबा पाठविला त्यास सहा दिवस झाले. दोन दिवस मी बसचा आवाज ऐकत बसलें. तिसऱ्या दिवशीं समजलें, तुम्हीही म्हणतां, सोस. पुढच्या खेपेस लिंबू घालून पाठविणार होतें."

मी आयुष्यात बऱ्याच बायकांची गाऱ्हाणी ऐकली आहेत. रडून सांगितलेली, ओरडून सांगितलेली. पण असा शांत आवाज मी ऐकला नव्हता. ती रागावलेली नव्हती. तिनं मानलं होतं.

अक्कांनी कारण सांगितलं. सुतक म्हणून रिकामा आला असं धरलं, चुकलें, म्हणाल्या. तुळशीनं ऐकून घेतलं पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सुतक आमचं होतं खरंच, म्हणाली, तुम्ही तरी काय करणार? आणि पातेल्यात पाणी ओतलं. तिला अक्कांचं बोलणं पटलं होतं, आणि तेच वाईट होतं. नियमापुढे आपण काय, हे तिला चार वर्षं तिथे शिकवलंच होतं.

तेवढ्यात आतून सासू आली, मागोमाग दोन म्हाताऱ्या. दहाव्याच्या दिवशी परसात परक्या बायका बघून तिघी थबकल्या. अक्कांनी सासूला नमस्कार केला आणि सांगितलं की सुनेची बोटं मोडलीत, आस्पत्रीस नेत्यें. सासू म्हणाली, आजचा दिवस घरच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नसतो, उद्या अकरावा झाल्यावर बघू. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार तोच अक्का मटकन खाली बसल्या. त्या ओल्या जमिनीवर, खरकट्या भांड्यांच्या मधोमध.

"तुळशी, पाणी दे मज," त्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही. सुतकाच्या घरचं पाणी बाहेरचं माणूस पीत नाही, आणि अक्का तर आपल्या घरी नळाचंसुद्धा पीत नसत, विहिरीचं लागायचं. तुळशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तिथलाच लोटा विसळला, चांगल्या हातानं पोहरा ओढला, लोटा भरला आणि पुढे केला. अक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावून घटाघटा सगळा प्यायल्या. एक म्हातारी "शिव शिव" म्हणत आत निघून गेली.

"आतां तुझें सुतक तें माझें," अक्का म्हणाल्या. "चल."

तुळशीच्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं. ती उठली. सासू आडवी आली नाही. तिला काय करावं ते समजेनाच, कारण असं काही तिनं कधी बघितलं नव्हतं. आम्ही तिघी परसदारानं बाहेर पडलो तेव्हा धुकं विरायला लागलं होतं आणि लांब नदीकडून मंत्रांचा आवाज येत होता. आम्ही मागे बघितलं नाही. मी चपला हातात घेऊन चालत होते हे मला बसस्टॉपवर आल्यावर कळलं.

बसमध्ये तुळशी बसल्या बसल्या झोपली. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि खिडकीतून कोवळं ऊन येऊन आमच्या तिघींच्या मांडीवर पडलं होतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी मनातल्या मनात अहवालाची वाक्यं जुळवायला लागले. अक्कांचे ओठ परत हलत होते. मी कान दिला. त्या देवाचं नाव घेत नव्हत्या. घरं मोजत होत्या. कुणाकडे कधी सुतक पडलं होतं ते आठवत होत्या.

एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिरुवलंचुळीची कृष्णवेणी," त्या म्हणाल्या. "गेल्या आषाढांत तिची आजेसासू वारली. डबा रिकामा आला. मी टांगला. त्यानंतर दर खेपेस भरून येतो. भरून येतो म्हणून मी म्हटलें, बरें आहे तिचें."

 चार लिंबें, काल दुपारी त्या डोळे मिटून म्हणाल्या होत्या. त्या उठल्या आणि कंडक्टरला हाक मारली. दारासुरम्‌च्या फाट्यावर बस थांबली. सुतकातल्या, आंघोळ न केलेल्या, कालपासून उपाशी अशा त्या तिथेच उतरल्या आणि तिरुवलंचुळीच्या रस्त्यानं डावीकडे झुकत भराभरा चालायला लागल्या. मी तुळशीला घेऊन विजयलक्ष्मींकडे गेले.

अक्का तिसऱ्या प्रहरी परतल्या, एकट्या. कृष्णवेणीनं बसायला पाट दिला, कापी दिली. डब्याची गोष्ट काढली तशी हसली आणि म्हणाली, तें जुनें झालें अक्का, आतां सवय झाली. अक्कांनी हे मला अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं आणि मग विहिरीवर आंघोळीला गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

पुढचं मला विजयलक्ष्मींच्या पत्रांतून कळत गेलं. तुळशी बालवाडीत शिकवायला लागली. अक्कांनी डब्याचा नियम बदलला. सुतक असो नाही तर सण असो, रिकामा डबा आला की त्याच दिवशी त्या घरी जायचं. आणि दर शुक्रवारी त्या सकाळच्या बसनं तिरुवलंचुळीला जात. कृष्णवेणीच्या स्वयंपाकघरात तासभर बसत, भाजी चिरून देत, काही विचारत नसत. पावसात गेल्या, तापात गेल्या. पाय सुजले तेव्हा भवानीचा हात धरून गेल्या. असं साडेतीन वर्षं चाललं. १९९२ च्या जूनमधल्या एका शुक्रवारी त्या निघायला उठल्या तशी कृष्णवेणीनं चूल विझवली आणि त्यांच्याबरोबर बसमध्ये चढली.